बोटीतल्या कपाटाचे खटके

बोटीतल्या कपाटाचे खटके बदलायचं ठरलं ते शेंगाचटणीमुळे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी उजनीच्या पाण्यावर वारा अचानक जोरात आला, बोट एका अंगावर कलली, आतल्या कपाटाची दारं आपोआप उघडली आणि चटणीचा डबा, साखरेची बरणी, चहाचं पातेलं, कडक भाकरीची पिशवी असं सगळं एकदम बाहेर आलं. डब्याचं झाकण उडालं. चटणी गादीवर, दोरांवर आणि अण्णांच्या पांढऱ्या टोपीत. आई आतच बसली होती. ती ओरडली नाही. तिने टोपी उचलली, तिच्यातली चटणी डब्यात परत ओतली आणि म्हणाली, "अहो, बोटीचं काय करायचं ते करा, पण हे कपाट आधी नीट करा."

सोलापूरच्या माणसाकडे शिडाची बोट आहे असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून गप्प होतो. आम्ही शहराच्या जुळे सोलापूर भागात राहतो. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, येतं ते उजनीचं. आई म्हणते, धरणाचं पाणी चार दिवसांनी आपल्याकडे येतं, ह्यांना तेवढा धीर नाही, म्हणून हे दर रविवारी त्याच्याकडे जातात.

अण्णा म्हणजे माझे वडील. अठराव्या वर्षी ते नौदलात गेले, तोपर्यंत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमचा तलाव. नौदलात ते सुकाणू धरायला शिकले. पंधरा वर्षांनी परत आले, एका गोदामावर नोकरी केली, निवृत्त झाले. मग मुंबईच्या एका जुन्या सोबत्याने त्याची वापरात नसलेली फायबरची बोट त्यांना देऊ केली आणि अण्णांनी ती ट्रकवर घालून आणली. ट्रक संध्याकाळभर आमच्या बिल्डिंगपुढे उभा होता, आणि कॉलनीतली माणसं गणपती बघायला यावीत तशी येऊन बघून गेली. टेंभुर्णीच्या पुढे पाण्याच्या काठाला एकाचा ऊस आहे. त्याने बोट बांधायला जागा दिली. आम्ही त्याला मामा म्हणतो.

बोट लहान. आत दोन बाकं, एक स्टोव्ह आणि चार दारांचं कपाट. आत शिरायच्या दाराशेजारी जी भिंत आहे तिच्या बाहेरच्या अंगाला, सुकाणू धरणाऱ्याच्या समोर येईल असं, होकायंत्र बसवलेलं. त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला कपाट. कपाटाच्या प्रत्येक दाराला हाताचं बोट जाईल एवढं भोक. त्यात बोट घालून आतली पितळी जीभ दाबली की खटका सुटतो आणि दार उघडतं. हे खटके बोटीएवढेच जुने होते. स्प्रिंगा दमल्या होत्या, जिभा झिजून गोल झाल्या होत्या. शिवाय अण्णांच्या बोटांचे सांधे सुजलेले, त्यामुळे कधी दार उघडत नसे आणि कधी बंद राहत नसे. अण्णा दाराला दोरी गुंडाळून काम भागवत. मला त्या दोरीचा राग यायचा. चहा करायचा तर आधी गाठ सोडा, चहा झाला की परत बांधा.

तसे खटके सोलापुरात मिळत नाहीत. मी दोन-तीन हार्डवेअरच्या दुकानांत विचारलं. एकाने विचारलं, "बागेतल्या पेडल बोटीला पायजे का?" मी नाही म्हटलं आणि बाहेर पडले.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे. अण्णांचे थोरले भाऊ अकलूजला होते. साखर कारखान्यात आयुष्य गेलं, शेतं नावानिशी पाठ. शेवटची काही वर्षं त्यांना काहीच आठवत नव्हतं. काकूंनी ताट पुढे ठेवलं की ते हात जोडून विचारायचे, "आपण कोणाकडच्या?" अण्णा त्यांना भेटून आले की दोन दिवस घरात बोलत नसत. काका गेल्यावर अण्णांना एकच भीती राहिली. मरणाची नव्हे, ह्याची.

आणि मग अण्णाही विसरायला लागले. पहिल्यांदा हसण्यावारी गेलं. एकदा ते भाजी मंडईत स्कूटर घेऊन गेले, रिक्षाने घरी आले आणि खाली जाऊन स्कूटर चोरीला गेली म्हणून वॉचमनवर ओरडले. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही तपासण्या करू, मग बघू. अण्णांनी तपासण्या केल्या नाहीत. गाडीत मला म्हणाले, "माझी तपासणी मी करतो. जोवर बोट नेऊन परत त्याच काठाला लावता येतीये तोवर मी ठीक आहे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी समजायचं, मी दादाच्या वाटेला लागलो. मग तुम्ही म्हणाल ते करीन." मी म्हटलं, असली कसली परीक्षा? ते म्हणाले, "मला कळणारी." आईने हे ऐकल्यावर भाजी चिरत म्हटलं, "काहीतरी बोलू नका." पण तेव्हापासून दर रविवारी बोट काठाला लागली की ती देवापुढे लावावीत तशी दोन बोटं डोळ्यांना लावायची. मी बघितलंय.

थंडीत अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे पाणी, धूळ, वारा सगळं बंद केलं. त्याच दिवसांत आमच्या घरात नवीन स्वयंपाकघर बसलं होतं, ट्रॉल्या आणि गुळगुळीत दारांचं. दारांना लोहचुंबकाचे खटके. दार नुसतं ढकललं की टक् करून चिकटतं, ओढलं की सुटतं. सुजलेल्या बोटांनाही जमतं. सुतार काम संपवून गेला तेव्हा काही खटके उरले होते. आईच्या डोक्यात तिथेच विचार आला. तिने सुताराला पटवलं, मला सुट्टी काढायला लावली, आणि आम्ही तिघं टेंभुर्णीला गेलो. मी गाडी चालवली, एवढाच माझा वाटा. सुताराने जुने पितळी खटके काढले, त्यांच्या जागी फळीला लोहचुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी बसवली. आईने चटणीचा डबा आत ठेवून बोट हलवून बघितली. म्हणजे आम्ही दोघींनी एका अंगाला उभं राहून उड्या मारल्या. दारं उघडली नाहीत. त्या दिवशी आई फार खूश होती. अण्णांना सांगायचं नाही, असं तिने मला परत येताना तीनदा बजावलं.

डोळा बरा झाल्यावर अण्णा बोटीवर आले. आईने त्यांना आत नेलं. त्यांनी चारही दारं एकेक करून उघडली, बंद केली. टक्, टक्. म्हणाले, "अगं, हे तर किचनच केलंस की बोटीचं. छान आहे. बोटं दुखत नाहीत." आई लाजली. सत्तरी जवळ आलेली बाई लाजते तेव्हा किती चांगली दिसते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

त्याच दिवशी ते झालं. सकाळी ऊन होतं म्हणून आम्ही निघालो. पाण्याच्या मधोमध गेलो, आणि तिथे धुकं उतरलं. काठावर कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर त्यात मिसळला. बघता बघता काठ दिसेना, कारखान्याची चिमणी दिसेना, शिडाचं टोकसुद्धा पुसट झालं. आई घाबरली. अण्णा अजिबात घाबरले नाहीत. उलट त्यांचा चेहरा तरुण दिसायला लागला. म्हणाले, "ह्यालाच तर होकायंत्र असतं. इथून आपला काठ कुठल्या दिशेला हे मला झोपेतही सांगता येतं." त्यांनी आकडा सांगितला, होकायंत्रावर तो आकडा धरला आणि बोट वळवली. मध्ये एकदा म्हणाले, "मला वाटतंय आपण उजवीकडे सरकतोय. पण वाटण्यावर जायचं नसतं. होकायंत्र सांगेल ते खरं."

बराच वेळ गेला. मग बोटीखाली काहीतरी घासलं आणि आम्ही थांबलो. धुक्यातून पाण्यात बुडालेल्या बाभळींची वाळकी टोकं दिसत होती. हा आमचा काठ नव्हता. अण्णा होकायंत्राकडे बघत होते. त्यांनी तो आकडा पुन्हा पुटपुटला, मग दुसरा एक आकडा पुटपुटला. मी फोन केला. मामा त्याची मोटरची होडी घेऊन हाका मारत आला.

"आण्णा, तुमी हिकडं कसं काय? आपला काठ तिकडं ऱ्हायला की!"

अण्णा म्हणाले, "चुकलो."

"धुकंच लई हाय. कुनीबी चुकंल."

"मी चुकायचो नाही," अण्णा म्हणाले.

गाडीने परत येताना मोहोळ मागे पडलं. मग अण्णांनी खिशातून बोटीच्या दाराची किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "विकून टाक," म्हणाले. "मी शब्द दिला होता." मागे बसलेली आई खिडकीबाहेर बघत होती. ती रडत होती हे मला आरशात दिसलं.

त्यानंतरचे दोन महिने मला आठवायला नको वाटतात. अण्णांनी स्कूटर सोडली. किल्ल्या, औषधं, स्वतःचा फोन, सगळं आईच्या ताब्यात दिलं. आंघोळीला जाण्याआधी विचारायचे, "मी आज केलीये का?" केलेली नसायची, आणि त्यांना ते माहीत असायचं, तरी विचारायचे. मी चिडायचे. एकदा मी म्हटलं, "अण्णा, डोकं ओलं आहे का बघा ना हात लावून!" त्यांनी खरंच हात लावून बघितलं. मग माझ्याने घरात थांबवेना. मी गच्चीवर जाऊन टाकीच्या आडोशाला उभी राहिले. तपासणीला मात्र ते आता तयार होते. म्हणाले, बोट गेली की जाऊ.

बोटीला गिऱ्हाईक मिळालं. ते बघायला येणार म्हणून आदल्या दिवशी आई आणि मी बोट साफ करायला गेलो. अण्णा आले नाहीत. आई आत कपाट आवरत होती, मी बाहेर बसून होकायंत्राची काच पुसत होते. आतून टक् असा आवाज आला आणि काचेखालची आकड्यांची चकती हलली. बोट तर काठाला बांधलेली, वारा नाही. मी फडकं खाली ठेवलं.

"आई, काय केलंस?"

"काय केलं? दार उघडलं."

"बंद कर."

टक्. चकती परत फिरली आणि आधीच्या जागी आली.

"परत उघड."

"अगं काय पोरखेळ लावलाय?"

"आई, उघड!"

माझा आवाज ऐकून ती बाहेर आली. मी तिला तिथे बसवलं आणि स्वतः आत गेले. दार उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. होकायंत्र आणि लोहचुंबक ह्यांच्यामध्ये बोटीची एक पातळ भिंत होती, बाकी काही नाही. मी बाहेर आले तेव्हा आईला सगळं समजलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्या किचनने केलं हे." मग तिचा चेहरा बदलला. तिने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. "म्हणजे ह्यांना काही झालेलं नाही! काही झालेलं नाही ह्यांना!" मामा आवाज ऐकून उसातून पळत आला. त्याला वाटलं कुणी पाण्यात पडलं.

गिऱ्हाइकाला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याने बरंच सुनावलं. मी हसत ऐकून घेतलं.

अण्णांना आईने घरी आल्या आल्या सांगितलं. दारात चपला काढायच्या आधी. ते खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदोन प्रश्न विचारले, कुठलं दार, किती हललं. मग कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. आई म्हणाली, "अहो, आनंद नाही का झाला?" ते म्हणाले, "झाला की." आणि हसले. मी मनात म्हटलं, सुटलो.

पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी घरी चार लाकडी फिरक्या करून ठेवल्या होत्या. फिरकी म्हणजे बोटभर लांबीची लाकडाची पट्टी, मधोमध एका स्क्रूवर फिरणारी. आडवी केली की दार अडतं, उभी केली की सुटतं. आमच्या जुन्या सागाच्या पाटातून कापलेल्या होत्या. कडा त्यांनी पॉलिश पेपरने इतक्या मऊ केल्या होत्या की सुजल्या बोटालाही टोचू नयेत. स्क्रू पितळेचे. बोटीवर आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी लोहचुंबक काढले, दारांवरच्या लोखंडी पट्ट्या काढल्या, सगळं एका पिशवीत घातलं आणि मामाला दिलं, लांब गाडीत नेऊन ठेव म्हणून. मग फिरक्या बसवायला घेतल्या. आधी लहान भोक, त्यात मेणाचा बोळा फिरवलेला स्क्रू, अर्धा फेरा घट्ट, पाव फेरा सैल. फिरकी सहज फिरली पाहिजे पण आपसूक पडता कामा नये. मी शेजारी बसून बघत होते. हात एकदाही चुकला नाही. आई दर फिरकीला म्हणत होती, "बघ, बघ, आहे का काही त्यांना?"

काम झाल्यावर आम्ही बोट पाण्यात नेली. ऊन लख्ख होतं, काठ दिसत होता. मधोमध गेल्यावर अण्णांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि म्हणाले, आता मी फक्त होकायंत्र बघणार, तुम्ही काही सांगायचं नाही. त्यांनी तोच आकडा धरला. धुक्याच्या दिवशी जो सांगितला होता तोच. बोट सरळ आली, मामाच्या पंपाच्या खोलीसमोर, नेहमीच्या दगडाला. आईने टाळ्या वाजवल्या. दोन बोटं डोळ्यांना लावायला विसरली.

ती पुढे होऊन गाडीत जाऊन बसली, मावशीला फोन लावत. अण्णा आणि मी दोर बांधत होतो. अण्णा गाठ मारत होते आणि मारता मारता बोलले, माझ्याकडे न बघता.

"नौदलात सुकाणूपाशी उभं राहायच्या आधी खिसे रिकामे करायचे असतात. चाकू, किल्ल्या, जे असेल ते. होकायंत्राजवळ लोखंड आणायचं नाही. चुंबकाचं तर नावच नको. पहिल्या आठवड्यात शिकवतात. पंधरा वर्षं मी रोज खिसे रिकामे केले."

मी दोर तसाच हातात धरून उभी राहिले.

"तुझ्या आईला ते माहीत नव्हतं. तुलाही माहीत नव्हतं. सुताराला कुठून असणार?" त्यांनी गाठ ओढून बघितली. "मी चारही दारं उघडून बघितली. छान आहे म्हणालो. आणि मग त्या होकायंत्रावर भरवसा ठेवून तुम्हाला दोघींना धुक्यात घेऊन गेलो. मला काहीच आठवलं नाही गं. घरी तुझी आई सांगत होती ना, तेव्हा आठवलं."

मला काहीतरी म्हणायचं होतं. वय झालं की होतं, कुणालाही झालं असतं, असलं काहीतरी. मामाने म्हटलं होतं तसं. पण ते खोटं झालं असतं आणि अण्णांना ते कळलं असतं. मला रडू यायला लागलं. अण्णांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, आणि काढून घेतला.

गाडीच्या उघड्या काचेतून आईचा आवाज येत होता. ती मावशीला सांगत होती, "अगं सगळा त्या लोहचुंबकाचा दोष. ह्यांना काही म्हणजे काही झालेलं नाही. आत्ता डोळ्यांनी बघितलं मी." ती हसत होती. दोन महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

अण्णा तिकडे बघत म्हणाले, "तिला आत्ता काही बोलू नको. थोडे दिवस राहू दे तिला असं."

"बरं."

"आणि डॉक्टरांची वेळ घे. आपण दोघंच जाऊ." ते गाडीकडे निघाले, दोन पावलांवर थांबले आणि वळून म्हणाले, "तू लक्षात ठेव हं. मी विसरेन."